बूच, ऊ दीर्घ

पत्र्याच्या पाट्या एकशे बारा.
हिरव्यावर पांढरं, प्रत्येकीवर तीन ओळी:
वर मराठी, मध्ये इंग्रजी, खाली लॅटिन,
जे मी चित्रासारखं उतरवतो, वाचत नाही.
परचुरे मॅडमनी यादी दिली, सातशे आगाऊ दिले,
आणि बजावलं, खिळा ठोकायचा नाही,
तार बांधायची, तीही सैल.
झाड जाड होत जातं.

सत्तेचाळिसावी पाटी एरंडवण्यातली.
मी लिहिलं होतं, बुच.
मॅडम चष्म्यावरून म्हणाल्या, बूच. ऊ दीर्घ.
आणि बुचाचं झाड लिहिताना?
तिथे ऱ्हस्व.
का, ते विचारलं नाही. या शहरात
असलं काही विचारलं की चहा गार होतो.

मधल्या ओळीत इंडियन कॉर्क ट्री.
कॉर्क मला चांगला ठाऊक.
जुन्या बाजारात बापाचा बाटल्यांचा धंदा,
बुधवारी, रविवारी गोणपाटावर मांडलेला,
आणि बुचांचा डबा निराळा.
कुठलं बूच कुठल्या गळ्यात बसतं
हे बघायचं काम माझं, सात वर्षांच्या बोटांचं.
फार बडबडलो की बाप म्हणायचा,
आता ह्यातलं एक तुझ्या तोंडाला बसव.

पण मॅडम, इंडियन का?

त्या पायरीवर बसल्या.
साहेबाला बाटलीला बूच हवं होतं, म्हणाल्या.
खरं बूच त्याच्या मुलखाकडे, दुसऱ्याच झाडाचं.
ह्याची साल मऊ निघाली, कसंबसं भागलं.
इंग्रजीत झाडाच्या आधी इंडियन आलं
की बहुतेक वेळा समजायचं,
आमच्यासारखं आहे, पण ते नव्हे.
तुमच्या यादीतच बघा.
बहावा इंडियन, पांगारा इंडियन,
स्वतःच्या अंगणात उभे, दुसऱ्यासारखे म्हणून.
आणि हे तर ब्रह्मदेशाकडचं म्हणतात.
म्हणजे पाहुण्यानं पाहुण्याला इथलं ठरवलं,
आणि आपण त्याचं मराठी केलं,
बूच.

मी वर पाहिलं.
साल बघायला मान खाली चालते.
वर बघितलं असतं त्या माणसानं,
नाव वेगळं पडलं असतं.

कार्तिकातली पहाट, साडेपाच.
तार घेऊन गेलो तर खाली सगळं पांढरं.
इंदू खिलारे, वॉर्डातली,
लांब दांड्याचा खराटा घेऊन फुलं लोटत होती.
रात्रभर पडतात, सकाळी पुन्हा तेवढीच.
विचारलं, तुम्ही काय म्हणता ह्याला?
कशाला?
ह्या झाडाला.
झाडतो, म्हणाली.

मग खराटा भिंतीला टेकवून
तिनं मूठभर वेचली, ताजी, न तुडवलेली.
काडीएवढे लांब देठ, पोकळ,
देठात देठ, देठावर देठ,
सुई नाही, दोरा नाही,
बोलता बोलता वेणी झाली
आणि कचऱ्याच्या गाडीच्या दांडीला लटकली,
कारण केसांवर टोपी होती पालिकेची.

पाटीवर काय लिहिलंय?
वाचून दाखवलं. बूच.
बाटलीचं?
बाटलीचंच.
आणि इंग्रजीत?
तेच.
खालच्यात?
ते मला येत नाही.
तिनं नाकानं एक लांब श्वास ओढला,
मला कळावं म्हणूनच बहुधा.
आणि ह्याचं? ह्याचं कुठं लिहिलंय?

तार सांगितल्यापेक्षा एक पेर सैल सोडली.
बोटांना रंगाचा वास होता, टर्पेंटाइनचा,
त्यातून ते दुसरं येत-जात राहिलं.

अठ्ठेचाळीस नंबर गल्लीच्या तोंडाशी.
कडुनिंब.
त्याच्याखाली इंग्रजीत, माझ्याच अक्षरात,
इंडियन लायलॅक.
लायलॅक मी अजून पाहिलेला नाही.
कडुनिंबासारखा असेल.